राऊत सरांचे भाऊसाहेब

आमच्या पाम गावात राऊत सर झाडून सगळ्यांना अरे-तुरे करतात. सरपंचाला करतात, दवाखान्यातल्या डॉक्टरला करतात, आणि मतं मागायला दारात आलेल्या एका उमेदवाराला तर त्यांनी "आदी शर्ट नीट खोच, मग बोल" म्हणून परत पाठवला होता. त्यात त्यांचा दोष नाही. ते आयुष्यभर वाणगावला शाळेत पीटीचे मास्तर होते. या पट्ट्यातला कुठलाही मोठा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर अजून हाफ चड्डीत, रांगेत, एक हात अंतर ठेवूनच उभा असतो. मीही त्यांचीच विद्यार्थिनी. लग्न करून त्यांच्या शेजारी राहायला आले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मंजे, पाठ सरळ ठेव."

अहो-जाहो ते फक्त एकाला करतात. आपल्या कुत्र्याला.

"भाऊसाहेब, उठता का जरा? केर काढायचाय."

"भाऊसाहेब, जेवून घ्या. मागनं मला बोल लावू नका."

आमच्या दोन घरांमध्ये एक जास्वंदीचं कुंपण आहे आणि ते आवाज अडवत नाही. त्यामुळे सुरुवातीला माझी समजूत अशी झाली की सरांकडे कोणी वडीलधारे पाहुणे आलेत, ते आजारी आहेत, आणि त्यांच्या तोंडाला चव नाही. मी वाटीभर लिंबाचं लोणचं पाठवलं. सरांनी वाटी धुऊन परत दिली आणि म्हणाले, "भाऊसाहेबांनी शिंकून ठेवलं. पण तुझे आभार मानलेत."

गोंधळ फक्त माझाच झाला असं नाही. मागे घरोघरी तब्येतीची चौकशी करायला आशाताई आल्या होत्या. ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, "घरात माणसं किती, सर?"

"मी आनि भाऊसाहेब."

"भाऊसाहेबांना काही त्रास? बीपी, शुगर?"

"वजन वाढलंय. कंबर दुखते. जिना चढायला बंदी हाय."

"वय काय त्यांचं?"

"सात."

आशाताईंनी पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं, परत सरांकडे पाहिलं. तेवढ्यात भाऊसाहेब स्वतःच पडद्याखालून बाहेर आले आणि त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकवून पडले. आशाताईंनी पाय काढून घेतला. चप्पल मात्र तिथेच राहिली, कारण भाऊसाहेबांचं डोकं उचलायला ताकद लागते.

हे भाऊसाहेब म्हणजे बॅसेट हाउंड जातीचे. तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. एक चांगला दणकट, लांबलचक कुत्रा घ्यायचा, आणि पाय लावायची वेळ आली की सामान संपल्यासारखं करायचं. पुढचे दोन पाय ठेंगणे, जाड, किंचित बाहेर वळलेले. कान इतके लांब की पाणी पिताना आधी कान पाणी पितात. अंगावरची कातडी दोन मापं मोठी. आणि चेहरा असा की नुकतीच कोणाच्या तरी घरी सांत्वनाला जाऊन आलाय.

ते नाव मालूकाकींनी ठेवलं. मालूकाकी म्हणजे सरांची बायको. मुलगा मिलिंद पूर्वी बडोद्याला असायचा. त्याची परदेशी बदली झाली तेव्हा तो गाडीच्या मागच्या सीटवर हा कुत्रा घालून घेऊन आला आणि "थोडे दिवस ठेवा" म्हणून गेला, तो तिकडेच रमला. काकी मावरं, म्हणजे मासळी, साफ करत परसात बसल्या होत्या. त्यांनी कोयता थांबवला, कुत्र्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अगो बाय! हा तर आपला जुना तलाठी. 'उद्या या' सांगनारं तोंड तेच." तलाठ्याला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. झालं.

काकींना जाऊन आता दोन वर्षं होतील. सकाळी चहा केला, ओट्यावर बसल्या, आणि बसल्या बसल्याच गेल्या.  त्यानंतर हळूहळू सरांच्या तोंडी एकच विषय आला, आणि तो म्हणजे बॅसेट हाउंड या जातीचा इतिहास.

तुम्ही त्यांच्या ओट्यावर कुठल्याही कामाला जा. पाण्याची मोटर मागायला जा, पत्रिका द्यायला जा. सर हात वर करून थांबवतात. "आदी इतिहास समजून घे."

हा इतिहास मी इतक्या वेळा ऐकलाय की आता मला तो अजिबात समजत नाही. फ्रान्समध्ये कुठल्याशा मठातल्या साधूंनी ही जात वाढवली.

"साधू शिकार करायचे, सर?" मी एकदा विचारलं.

"ते तू साधूंना विचार. मधे बोलू नको."

तर पूर्वी राजे आणि सरदार घोड्यावरून शिकारीला जायचे. त्यांना उंच, पळणारी कुत्री लागायची. मग तिकडे क्रांती झाली. राजाचं डोकं गेलं, सरदारांचे घोडे गेले. आता शिकार करणार कोण? साधा माणूस, तोही पायी. उंच कुत्रा घेतला तर कुत्रा सशापाशी आणि माणूस दोन शेतं मागे. म्हणून आखूड पायांचा, सावकाश चालणारा, मालकाला मागे न टाकणारा कुत्रा लोकांनी हाताशी धरला. 'बा' म्हणजे फ्रेंचमध्ये बुटका. शेपटीचं टोक पांढरं, ते उंच गवतात मालकाला दिसावं म्हणून. कान लांब, ते जमिनीवरचा वास झाडूसारखा नाकाकडे लोटतात म्हणून. कातडी ढिली, ती वास धरून ठेवते म्हणून. हे सगळं सर भाऊसाहेबांचा एकेक अवयव उचलून दाखवत सांगतात. भाऊसाहेब झोपलेले असतात.

घोटाळा असा की कधी साधू आधी येतात आणि क्रांती नंतर, कधी क्रांतीच साधूंनी केलेली असते. माझा नवरा एकदा चूक दाखवायला गेला. सर म्हणाले, "तू शाळेत तरी कुठे रांगेत उभा र्‍हायचास?" माझा नवरा विरारच्या शाळेत शिकलाय.

खरी गंमत अशी की आयुष्यभर पोरांना पळवलेल्या माणसाच्या नशिबी न पळणारा कुत्रा आला. सर अजूनही गळ्यात शिट्टी घालतात. ती वाजली की रस्त्यावरची मोठी माणसं नकळत पोट आत घेतात. भाऊसाहेबांवर तिचा परिणाम शून्य. सर "सावधान!" म्हणाले की ते बसतात, "चल!" म्हणाले की आडवे होतात. फिरायला जाणं म्हणजे तर नुसतं उभं राहणं. एका दगडापाशी नाक लावलं की तो दगड वाचून संपेपर्यंत भाऊसाहेब हलत नाहीत, आणि सर दोरी धरून शेजारी ताटकळत असतात. वर मला सांगतात, "नाकाच्या बाबतीत जगात दुसरा नंबर लागतो यांचा. पहिला येनारा पन यांच्याच नात्यातला."

एकदा बोईसरला चहाच्या टपरीवर आम्ही भेटलो. कारखान्यातून सुटलेले कामगार भाऊसाहेबांभोवती गोळा झाले होते. एकाने हळहळून विचारलं, "अंकल, इसका पैर किसने काटा?"

"काटा नहीं," सर म्हणाले, "ये इतिहास है." आणि त्यांनी साधूंपासून सुरुवात केली. कामगारांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी त्यांच्यातला एक म्हणाला, "मतलब, पैर राजा के टाइम में कटा."

इथपर्यंत मला सगळं कळत होतं. म्हातारपणी माणसाला काहीतरी नाद लागतो, सरांना हा लागला. पण काही गोष्टींचा मेळ बसेना.

रोज संध्याकाळी, मी कोळगावच्या ऑफिसातून येऊन स्वयंपाकाला लागले की सर भाऊसाहेबांना घेऊन आमच्या मागच्या दाराशी येत. भाऊसाहेब उंबऱ्याला नाक लावत. सर त्यांच्या शेपटीकडे बघत, मग डोळे मिटून म्हणत, "वा! सुक्या बोंबलाचं कालवन."

मी दुधी केलेला असायचा.

दुसऱ्या दिवशी, "आज अळू हाय." नसायचं. नवरा म्हणाला, ते जेवायला बोलवायची वाट बघत असतील, तोंडाने मागायला लाजतात. म्हणून मी डबा द्यायला सुरुवात केली. एकदा अंगात कणकण होती म्हणून साधा दहीभात दिला, घट्ट झाकणाच्या डब्यात. सरांनी डबा नाकाशी नेला आणि म्हणाले, "काय सुवास सुटलाय, मंजे!" मला वाटलं टोमणा मारतायत. दोन दिवस मी डबा दिला नाही. त्यांना त्याचंही काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा उंबऱ्यापाशी हजर.

मग तो तारापूरचा प्रसंग. रविवारी आम्ही मासळी आणायला निघालो होतो, सरही भाऊसाहेबांना घेऊन गाडीत बसले. बंदराच्या बाजूला बांबूंवर बोंबील वाळत घातलेले होते. भाऊसाहेब सरळ त्या बांबूंखाली गेले आणि पाय पसरून झोपले. जयवंती तांडेल आपलं मावरं राखत बसली होती. ती उठली.

"ओ मास्तर, तुमचा हा रेडा उचला!"

"रेडा नाय हा. फ्रान्सचा हाय."

"मग फ्रान्सला नेऊन वालत घाला. माजे बोंबील खाल्ले तर बघा!"

"ते खात नायत. ते नुसता वास घेतात." असं म्हणून सरांनी तिच्या टोपलीतला एक पापलेट उचलला, नाकाला लावला, बराच वेळ तसाच धरला, आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "जयवंते, खरं सांग. याला वास येतो का?"

त्यापुढे जयवंती जे बोलली ते मी इथे लिहू शकत नाही. आताच बोटीतून उतरलेलं मावरं, आणि वास येतो का म्हणून विचारतो! सगळा किनारा गोळा झाला. सर हात जोडून म्हणत होते, "अगो, मी वाईट अर्थानं नाय इचारलं, मी नुसतं इचारलं." मी मध्ये पडून दोन पापलेट जास्त घेतले तेव्हा कुठे ती शांत झाली. परत येताना सर गाडीत खिडकीबाहेर बघत बसले. इतिहासातला शब्दही काढला नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "सरांचं वय झालं आता." त्याने मान हलवली. एवढ्यावर आम्ही तो विषय मिटवला.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सुट्टीचा दिवस होता, सकाळची वेळ. मी अंगणात तांदूळ वाळत घालत होते आणि भाऊसाहेब ओरडायला लागले. ते एरवी भुंकत नाहीत. पण त्यांच्या छातीत एक भोंगा आहे, बोटीवर असतो तसा, आणि तो त्यांनी सोडला. थांबेनात. जास्वंदीपलीकडून सरांचा आवाज आला, "भाऊसाहेब, बाजूला व्हा! काय चाललंय तुमचं? दिवा लावू द्या मला!"

मी हसले. पण कुंपणाशी पोहोचले आणि वास आला. गॅसचा. इतका दाट की डोळ्यांना झोंबला.

मी धावले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात भाऊसाहेब आडवे पडले होते, सगळं वजन टाकून, आणि मान वर करून ओरडत होते. त्यांना ओलांडून पलीकडे जायला सर एक पाय उचलून उभे होते. पलीकडच्या कोपऱ्यात देव आणि काकींचा फोटो. सरांच्या एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी.

"सर, काडी ओढू नका!"

अख्ख्या आयुष्यात मी त्यांच्यावर पहिल्यांदा ओरडले. ते जागच्या जागी थांबले.

"का गो?"

मी काडेपेटी हिसकावून अंगणात फेकली. शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं होतं. ते बंद केलं, सिलिंडर बंद केला, खिडक्या ताणून उघडल्या. सर पंख्याच्या बटणाकडे निघाले तर त्यांचा हात धरून बाहेर ओढलं. भाऊसाहेब आमच्यामागून आले आणि अंगणात पोचल्यावर एकदम गप्प झाले.

"गॅस?" सर म्हणाले. त्यांनी घराकडे तोंड करून मोठा श्वास घेतला. मग आणखी एक. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. भिंतीकडे बघावं तसे ते हवेकडे बघत होते.

"सर, तुम्हाला वास येत नाही?"

ते ओट्याच्या पायरीवर बसले.

"नाय," म्हणाले.

"सर्दी झालीये?"

"नाय गो. येतच नाय. तो मोठा ताप आलेला ना मला, काकी होती तेवा? त्या तापात गेला. डॉक्टर बोलला येल परत. नाय आला."

 दुधी, दहीभात, जयवंतीचा पापलेट, सगळं डोक्यात एकदम फिरायला लागलं आणि काहीच जागेवर बसेना.

"पण काकींना माहीत होतं?"

"तिला कशाला सांगू? तिचं सगळं सुख रांधन्यात. मला खारट-तिखट तेवढं कळायचं. बाकी आठवून आठवून बोलायचो. आज कोकम छान लागलंय, आज लसून जरा जास्त हाय. एखाद दिवशी चुकायचो. ती हसायची, म्हनायची, मास्तर म्हातारे झाले. वर्षभर असंच काढलं. मग ती गेली."

"आम्हाला तरी सांगायचं होतं, सर."

"काय सांगू? मानूस आंधळा झाला तर लोक हात धरतात. नाक गेलं तर हसतात. ह्यांना कळतं ना सगळं, तर मी ह्यांच्या मागनं जातो. हे थांबले की मी थांबतो. काय असेल तिथं, ह्याचा इचार करतो."

भाऊसाहेब त्यांच्या पायांवर पसरले होते. सरांनी त्यांचा एक कान उचलून सरळ केला. घरातली हवा मोकळी व्हायला वेळ होता. मी आमच्याकडून चहा करून आणला. तो पिऊन झाल्यावर सर उठले आणि आतल्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले, म्हातारा माणूस, परत कशाला हात लावेल म्हणून.

त्यांनी कपाट उघडून एक साडी काढली. हिरवी सुती, घरात नेसायची, काठ विटलेला. धुतलेली नव्हती, घडी अजून काकींनी घातलेल्या मोडीवरच होती.

"गेली त्याच्या आदल्या रात्री बदलली होती तिनं," सर म्हणाले. "मी धुवायला टाकली नाय. मिलिंदची बायको टाकत होती, मी वरडलो तिच्यावर. तिला वाटलं म्हातारा बिथरला." साडी त्यांनी माझ्यासमोर धरली. "तुला येतो वास. बघ."

मी घडीत नाक घातलं. खूप वेळ श्वास घेतला. कापडाचा वास होता, लाकडी कपाटाचा होता. काकींचा, म्हणजे मासळी, खोबरेल आणि विड्याच्या पानाचा जो एक वास परसात गेलं की यायचा, तो मला कुठेच सापडेना. मी मान वर केली. सर माझ्या तोंडाकडे बघत होते. आहे म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर कसं?

सरांनी ते ओळखलं. साडी परत घेतली, खाली बसले, आणि जमिनीवर पसरून ठेवली.

भाऊसाहेब आले. कान लोळवत त्यांनी एका टोकापासून हुंगायला सुरुवात केली. निऱ्यांपाशी आले, थांबले. पदरापाशी नाक खुपसलं आणि तसेच राहिले. त्यांची पाठ वरखाली होत होती. मग त्यांनी डोकं उचललं, माझ्या पायांना घासून बाहेर पडले. नखांचा टकटक आवाज स्वयंपाकघरात गेला. तिथे घुटमळला. पुढे मागच्या दारातून परसात उतरला.

आम्ही दोघं खिडकीशी गेलो. काकी मावरं साफ करायला बसायच्या त्या दगडापाशी भाऊसाहेब पोचले होते. त्यांनी दगडाभोवती एक फेरी मारली. विहिरीकडे गेले, कठड्याला नाक लावलं, वाट बघितली. शेपूट हळूहळू हलत होती. मग ती थांबली आणि ते परत यायला निघाले, जसे नेहमी चालतात तसे, सावकाश.

"शोधतात तिला," सर म्हणाले. "वास असल्याशिवाय कशाला शोधतील?"

त्यांनी साडी उचलली. घडी काकींच्या मोडीवरच पडेल अशी जपून घातली, आणि कपाटात ठेवून दार लावलं.

"रोज नाय काढत मी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "हवा लागली की वास उडतो. गेल्या येळी काढली तेवा स्वयंपाकघरातनंच परत आले होते. मला झोप नाय लागली. आज विहिरीपर्यंत गेले."